वरळीचा ढोल आणि खान्देशचा कापूस

 

दर सहा डिसेंबरला आपल्या भागातल्या कितीतरी बाया मुंबईला जातात. जळगाव, भुसावळ, चाळीसगावच्या फलाटांवर आदल्या दिवसापासून पिशव्या, भाकरीची गाठोडी आणि लेकरं घेऊन गर्दी असते. धुळ्याकडच्या बाया चाळीसगावला येऊन गाडी धरतात. दादरला उतरायचं, चैत्यभूमीच्या रांगेत उभं राहायचं, बाबासाहेबांना वंदन करायचं, पुस्तकं घ्यायची आणि रात्रीच्या गाडीने परत यायचं. आपल्यापैकी अनेकींची वारी अशीच आहे.

चैत्यभूमीपासून दक्षिणेला तीन-चार किलोमीटर गेलं की वरळी लागते. तिथे डॉ. ॲनी बेझंट रोडवर, पोदार आयुर्वेदिक रुग्णालयासमोर एक पांढरं बुद्धमंदिर आहे. लोक त्याला जपानी मंदिर म्हणतात. चहूकडे उंच इमारती, बसगाड्या, टॅक्स्या आणि भोंगे. त्या सगळ्या गोंगाटात सकाळ-संध्याकाळ आतून ढोल वाजतो. मागच्या वारीला आम्ही तिथे जाऊन आलो. आमच्यातल्या एका मावशींनी दारातच विचारलं, "अगं, जपानची माणसं इतक्या लांब मुंबईत कशाला आली असतील? आणि देऊळ बांधावं इतकी कशी रुजली?"

त्या प्रश्नाचा माग काढत गेलो तर धागा थेट आपल्या शेतात आला. आजच्या भाषणात तोच धागा तुमच्या हाती देतो.

जपान्यांना मुंबईत आणलं ते कापसाने.

आपल्या आजी-पणज्यांच्या काळी खान्देशातला कापूस जिनिंगमध्ये जायचा. सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी दाबल्या जायच्या आणि रेल्वेने मुंबईच्या बंदरात पोचायच्या. तिथून बरीचशी रुई पूर्वी इंग्लंडला जात असे. पुढे जपानमध्ये सूतगिरण्या उभ्या राहिल्या. ओसाका शहरात १८८० नंतर मोठमोठ्या गिरण्या झाल्या. जपानात पुरेसा कापूस पिकत नव्हता, म्हणून त्यांना आपला आखूड धाग्याचा, स्वस्त कापूस हवा होता. पण बोटीचं भाडं फार होतं, कारण मुंबई ते जपान हा मार्ग इंग्रजांच्या बोट कंपनीच्या मुठीत होता.

ती मूठ सोडवायला जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पोन युसेन कैशा ही कंपनी एकत्र आले. १८९३ साली मुंबई ते कोबे अशी नवी बोटसेवा सुरू झाली. त्या वर्षी जपानहून निघालेल्या पहिल्या बोटीचं नाव होतं 'हिरोशिमा मारू'. हिरोशिमा हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

त्यानंतर जपानी व्यापारी, कारकून, खलाशी मुंबईत येऊ लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जपान हा हिंदुस्थानच्या कापसाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक झाला. म्हणजे आपल्या पणजीने ओटीत वेचलेलं बोंड मुंबईमार्गे ओसाकाला जात होतं. तिला ते ठाऊकही नव्हतं.

मग ओसाकाला त्या कापसाचं सूत कोण कातत होतं? तिथल्या गिरण्यांत कामाला बहुतेक मुलीच होत्या. बारा-तेरा वर्षांपासून वीस वर्षांपर्यंतच्या, शेतकऱ्यांच्या आणि कुळांच्या मुली. गिरणीचा दलाल गावात यायचा. घरात कर्ज असायचं, पीक बुडालेलं असायचं. दलाल बापाच्या हातावर आगाऊ पैसे ठेवायचा आणि मुलगी दोन-तीन वर्षांच्या कराराने गिरणीत जायची. आगाऊ पैसे फिटेपर्यंत तिला परतता येत नसे.

मैत्रिणींनो, त्या आगाऊ पैशांना आपल्याकडे काय म्हणतात ते मी सांगायला नको. उचल. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक घराला तो शब्द माहीत आहे. मुकादम येतो, उचल देतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास घरदार गाडीत बसतं. देश वेगळा, काळ वेगळा, पण व्यवहार तोच.

त्या मुली गिरणीच्याच आवारात राहायच्या. भोवती उंच भिंत. बारा-बारा तासांची पाळी, त्यात रात्रपाळीही. एक मुलगी कामाला उठली की तिच्याच अंथरुणावर रात्रपाळीची दुसरी निजायची. हवेत रुईचे तंतू. कित्येकींना क्षय झाला आणि गिरणीने त्यांना घरी धाडून दिलं, मरायला. बायकांची रात्रपाळी जपानमध्ये बंद झाली ती थेट १९२९ साली.

म्हणजे एका टोकाला कापूस वेचणारी खान्देशची बाई आणि दुसऱ्या टोकाला तोच कापूस कातणारी जपानची पोर. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही. त्यांच्यामधून मात्र बोटी भरभरून जात होत्या.

आता यापुढची गोष्ट जरा जड आहे. लेकी-सुना बरोबर बसून ऐकत असाल तरी रेडिओ बंद करू नका, कारण ती त्यांनीही ऐकायला हवी.

जपानच्या दक्षिणेला क्यूशू नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या कडेला आमाकुसा आणि शिमाबारा हे दोन भाग फार गरीब. जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त. तिथल्या हजारो मुली दलालांनी बोटीत बसवून परदेशी नेल्या. कुणाला सांगितलं, मोलकरणीचं काम आहे. कुणाला सांगितलं, हॉटेलात काम आहे. सिंगापूर, रंगून, हाँगकाँग, अगदी आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत त्या गेल्या आणि वेश्यावस्तीत विकल्या गेल्या. जपानी भाषेत त्यांना 'कारायुकी-सान' म्हणतात, म्हणजे परदेशी गेलेल्या बाया. बोटीचं भाडं, अंगावरचे कपडे, पोटातलं जेवण, सगळं त्यांच्याच नावावर कर्ज म्हणून चढायचं. शरीर विकूनही ते कर्ज लवकर फिटत नसे. जे पैसे हातात उरत ते त्या गावी बापाला, भावाला पाठवत. त्या पैशांवर घरं उभी राहिली, भावांची लग्नं झाली. परत आलेल्या बहिणीला मात्र त्याच गावात कुणी मानाने उंबऱ्याआत घेतलं नाही.

यातल्या काही मुली मुंबईलाही आल्या. कामाठीपुऱ्याजवळ एक गल्ली होती, तिला लोक 'सफेद गल्ली' म्हणत, कारण तिथे गोऱ्या, युरोपीय बाया ठेवल्या जात. त्याच वस्तीत जपानी मुलीही होत्या. रुईच्या गाठी घेऊन जाणाऱ्या वाटेनेच माणसंही येत-जात होती, आणि त्या माणसांत या पोरीही होत्या. १९२० च्या सुमारास जपानी सरकारला आपल्या देशाच्या नावाची लाज वाटू लागली आणि परदेशातल्या या वस्त्या बंद करायला सुरुवात झाली. पण तोवर कित्येक जणी जिथे होत्या तिथेच संपल्या होत्या. त्यांना गावची माती मिळाली नाही.

मुंबईत मेलेल्या जपानी माणसांसाठी वरळीच्या भागात एक छोटं स्मशान विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालं. व्यापारी असो, खलाशी असो की आणखी कुणी, परक्या मुलखात मेलेल्याच्या नावाने हात जोडायला तेवढीच एक जागा. पण तिथे रोज प्रार्थना म्हणणारं कोण होतं? भिक्खू नव्हते, विहार नव्हता. ते आले पुढे, १९३० नंतर.

त्यांचं नाव निचिदात्सु फुजी. जन्म १८८५ सालचा, क्यूशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातल्या शेतकरी घरातला. आमाकुसाची बेटंही त्याच कुमामोतो प्रांतात येतात. म्हणजे ज्या मुलखाने आपल्या लेकी बोटीत बसवल्या, त्याच मुलखाने हा भिक्खूही दिला.

फुजी हे निचिरेन यांच्या परंपरेतले. निचिरेन हे तेराव्या शतकातले जपानी भिक्खू, कोळ्याच्या घरात जन्मलेले. त्यांची शिकवण अशी की 'सद्धर्मपुण्डरीक' हे सूत्र सर्वात श्रेष्ठ, आणि त्याचं नुसतं नाव भक्तीने घेतलं तरी अडाण्यालाही मार्ग मिळतो. निचिरेन असंही सांगून गेले होते की धम्म हिंदुस्थानातून पूर्वेला जपानपर्यंत आला, तसा एक दिवस तो जपानहून पुन्हा हिंदुस्थानात जाईल. सातशे वर्षांनी फुजींनी ते मनावर घेतलं. १९३१ साली ते हिंदुस्थानात उतरले. भाषा येत नव्हती, ओळख नव्हती, हाताशी पैसा नव्हता. हातात पंख्याच्या आकाराचा एक चामडी ढोल. तो वाजवत आणि मंत्र म्हणत ते रस्त्याने चालायचे.

मंत्र असा: 'ना मु म्यो हो रें गे क्यो'. ऐकायला परका वाटतो ना? पण उलगडून बघा. 'नामु' म्हणजे आपलंच नमो. 'म्योहो' म्हणजे सद्धर्म. 'रेंगे' म्हणजे कमळ, पुण्डरीक. 'क्यो' म्हणजे सूत्र. सगळं मिळून काय झालं? नमो सद्धर्मपुण्डरीक सूत्र. आपल्याच देशातलं नाव आधी चीनमध्ये गेलं, तिथून जपानला गेलं, दीड-दोन हजार वर्षं तिकडच्या जिभांवर घासलं आणि ढोलाच्या तालावर परत आलं. सासरी गेलेली लेक खूप वर्षांनी माहेरी यावी, तिची बोली बदललेली असावी आणि आपण तिला चेहऱ्यावरून ओळखावं, तसं काहीसं.

मुंबईत वरळीला या भिक्खूंनी आपलं ठाणं केलं. त्यांच्या संघाचं नाव निप्पोन्झान म्योहोजी. बिर्ला कुटुंबाने मंदिराला मदत केली. तेव्हाची वरळी आजच्यासारखी नव्हती. जवळपास कापडगिरण्या होत्या, गिरणी कामगारांच्या चाळी होत्या. म्हणजे हे मंदिर श्रीमंतांच्या वस्तीत नव्हे, तर घामाच्या माणसांच्या शेजारी उभं राहिलं. शहर मोठं होत गेलं आणि त्याने मंदिराला वेढा घातला.

आता १९३३ सालाकडे बघू. त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट बाजारातली. जपानचं स्वस्त कापड इथे फार येऊ लागलं म्हणून इंग्रज सरकारने त्यावर ७५ टक्के जकात बसवली. चिडून जपानच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापूस घेणं बंद केलं. दोन सरकारांची आणि गिरणीमालकांची ओढाताण, पण भाव पडण्याची भीती कुणाच्या दारात आली? कापूस पिकवणाऱ्याच्या. पुढे १९३४ च्या सुरुवातीला तह झाला. इतक्या लाख गाठी कापूस जपानने घ्यायचा, त्याच्या बदल्यात इतके वार कापड हिंदुस्थानने येऊ द्यायचं, असा सौदा ठरला. आजही आपल्या कापसाचा भाव कुठे दूर ठरतो आणि आपण जिनिंगच्या दारात गाडी उभी करून बसतो. ते काही नवं नाही.

दुसरी गोष्ट वर्ध्यातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फुजी वर्ध्याला गांधीजींना भेटले. दोन देशांचा व्यापार तुटण्याच्या बेतात असताना एक जपानी भिक्खू आणि सूत कातायला सांगणारे गांधीजी समोरासमोर बसले. गांधीजींना ढोलाचा तो आवाज भावला. ते फुजींना 'गुरुजी' म्हणत. पुढे सेवाग्रामच्या आश्रमात जपानी भिक्खू राहू लागले आणि तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला.

मग युद्ध पेटलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपान इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरला आणि हिंदुस्थानातले सगळे जपानी एका रात्रीत शत्रू ठरले. व्यापारी, कारकून, त्यांच्या बायका-मुलं, सगळ्यांना धरून छावण्यांत नेलं. सेवाग्रामच्या आश्रमात राहणाऱ्या जपानी भिक्खूलाही पोलिसांनी नेलं. आश्रमातल्यांनी काय केलं? त्याची जागा रिकामी झाली म्हणून मंत्र थांबवला नाही. तो नसतानाही त्यांनी त्याचा मंत्र प्रार्थनेच्या सुरुवातीला म्हणणं चालूच ठेवलं. सगळा देश ज्याला शत्रू म्हणतो त्याच्या प्रार्थनेला आपल्या प्रार्थनेत पहिली जागा द्यायची, याला छाती लागते. सेवाग्रामला आजही प्रार्थनेची सुरुवात त्या जपानी मंत्राने होते.

युद्धाचा शेवट तुम्हाला माहीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. मुंबईला आलेल्या पहिल्या जपानी बोटीला ज्या शहराचं नाव होतं, ते शहर एका सकाळीत राख झालं. त्यानंतर फुजींनी उरलेलं आयुष्य एकाच कामाला दिलं. जगभर शांतीस्तूप बांधायचे. पहिला त्यांच्या कुमामोतोत, १९५४ साली. बिहारमधल्या राजगीरच्या डोंगरावरचा मोठा स्तूप १९६९ साली पुरा झाला. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप त्यांच्या मागे, १९९३ साली. फुजी १९८५ साली वारले, शंभरीला टेकलेले.

वरळीची आजची इमारत १९५६ सालची. आपल्यासाठी ते साल किती मोठं आहे! त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो माणसांसह धम्म स्वीकारला, त्यात कडेवर लेकरं घेऊन, पांढरी लुगडी नेसून आलेल्या किती बाया होत्या. आणि त्याच वर्षी सहा डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यांच्यावर दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. जपानहून आलेला धम्म आणि इथल्या माणसांनी नव्याने हाती घेतलेला धम्म, दोघांच्या वाटा वेगळ्या, शिकवण सांगायची रीत वेगळी. पण एका शहरात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोघांच्या खुणा उभ्या राहिल्या. आपण एका खुणेला दरवर्षी जातो. दुसरीपर्यंत सहसा जात नाही, इतकंच.

आम्ही गेलो तेव्हा काय दिसलं ते सांगतो. फाटकातून आत गेलं की चपला काढायच्या. तिकीट नाही, जात-धर्म कुणी विचारत नाही. समोर बुद्धमूर्ती, शांत. एका बाजूला मोठा ढोल. प्रार्थनेची वेळ झाली की त्यावर टिपरी पडते आणि तोच मंत्र, तोच ताल, पुन्हा पुन्हा. पहिली पाच मिनिटं आम्हाला बाहेरचे भोंगेच ऐकू येत होते. हळूहळू भोंगे मागे पडले. आमच्यातली एक काकू दळण दळत मोठी झालेली. ती म्हणाली, "जात्याची घरघर अशीच असायची. एकदा लय लागली की हात दुखायचे थांबायचे."

तिथेच आम्हाला त्या सूत्रातली एक गोष्ट आठवली. नागराजाची एक आठ वर्षांची मुलगी असते. सारिपुत्तासारखे मोठे भिक्खू म्हणतात, बाईच्या देहाला बुद्धपद कसं मिळेल? ती मुलगी आपल्याजवळचं रत्न बुद्धांना अर्पण करते आणि विचारते, हे रत्न मी दिलं आणि बुद्धांनी घेतलं, याला वेळ लागला का? ते म्हणतात, नाही. मग ती म्हणते, मला बुद्धपद मिळायला त्याहूनही कमी वेळ लागेल. आणि ती बुद्ध होते. गोष्टीत ती होण्याआधी पुरुषाचं रूप घेते, हे आजच्या बाईला खटकेल आणि खटकायलाच हवं. तरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आठ वर्षांची पोर मोठ्या विद्वानांना गप्प करते, हे काय थोडं आहे? आमाकुसाच्या एखाद्या मुलीने लहानपणी ही गोष्ट ऐकली असेल का, असं मनात आलं.

आता मावशींच्या प्रश्नातून आमच्या मनात उभा राहिलेला दुसरा प्रश्न. या सगळ्या कथेत नावं कुणाची उरली? टाटांचं उरलं, बिर्लांचं उरलं, गांधीजींचं, फुजीगुरुजींचं उरलं. बोटीचंसुद्धा नाव उरलं. सफेद गल्लीतल्या मुलींची नावं सांगा म्हटलं तर आम्हाला एकही सांगता येत नाही. ओसाकाच्या गिरणीत खोकत मेलेल्या पोरीचं येत नाही. आणि ज्या पणजीने तो कापूस वेचला तिचं नाव तरी आपल्या घरात किती जणींना माहीत आहे? सातबाऱ्यावर पणजोबा असतो.

नाव टिकू शकत नाही असं मात्र नाही. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची बुद्धलेणी आहेत. अजिंठ्याइतकी गर्दी तिथे नसते, पण वयाने ती अजिंठ्याच्या सर्वात जुन्या लेण्यांच्या बरोबरीची, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथे दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरली आहेत. पैठणच्या एका अत्तरवाल्याचं आहे. मगिल नावाच्या राजवैद्याचं आहे. आणि त्या राजवैद्याच्या मुलीचंही आहे, दत्ता. तिने वेगळं दान दिलं, म्हणून तिच्या नावाचा वेगळा लेख. दोन हजार पावसाळे गेले, राजे गेले, राज्यं गेली, दत्ता अजून तिथे आहे. कारण कुणीतरी छिन्नी घेऊन तिचं नाव कोरलं.

आणखी जवळचं उदाहरण घ्या. आसोद्याच्या माहेरच्या, जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८० चा. त्या बोटी सुरू झाल्या तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. म्हणजे कारायुकी-सान मुलींच्याच वयाच्या. शाळा नाही, अक्षर ओळख नाही, शेतातली कष्टाची बाई. त्यांची गाणी ऐकून घरातल्या माणसांनी ती कागदावर उतरवली. १९५१ साली त्या गेल्यावर मुलगा सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि सगळा महाराष्ट्र हेलावला. ती वही नसती तर? शेतातल्या लाख बायांसारख्या त्याही गेल्या असत्या.

म्हणजे उरतं ते कुणीतरी राखलेलं. वरळीचं मंदिर उरलं तेही असंच. मुंबईत जिथे हातभर जागेला सोन्याचा भाव आहे, तिथे एक जागा नुसती प्रार्थनेसाठी इतकी वर्षं राहिली. युद्ध आलं, पोलीस आले, गिरण्या बंद पडल्या, टोलेजंग इमारती उठल्या. तरी रोज कुणीतरी वेळेवर उठून ढोलासमोर बसलं, म्हणून ती राहिली.

आपल्या गटांना म्हणून एक काम सुचवतो. आपल्या गावातून दरवर्षी किती बाया, किती मुली उचल घेतलेल्या घराबरोबर ऊसतोडीला, वीटभट्टीला, सुरतेकडे जातात? गटाची हजेरीवही आपल्याकडे आहेच. तिच्या मागच्या पानांवर एक तक्ता आखा. बाईचं स्वतःचं पूर्ण नाव, अमक्याची बायको असं नाही. वय. कुणा मुकादमाबरोबर गेली. कोणत्या गावाला, कोणत्या कारखान्याला गेली. उचल किती आणि ती कुणाच्या हातात पडली. बरोबर किती लेकरं. परत कधी आली. बारा-तेरा वर्षांची पोर असेल तर तिच्या नावाखाली लाल रेघ मारा आणि ती शाळेत का नाही ते त्याच बैठकीत विचारा. एखादी परत आली नाही तर निदान आपल्याला कळेल की कुणी आलं नाही. ग्रामपंचायतीत, शाळेत, पोलिसांत बोलायला आपल्या हाती कागद असेल. आमाकुसाच्या गावांत कुणी अशी वही ठेवली असती, तर दलालाला प्रत्येक दारात एकाच प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं: मागच्या वर्षी नेलेली पोर कुठे आहे?

आणि पुढच्या सहा डिसेंबरला, किंवा वर्षात कधीही मुंबईला गेलात, तर चैत्यभूमीनंतर वरळीला जाऊन या. जळगावहून दादर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, एवढं आपण जातोच. त्यात पुढचे तीन-चार किलोमीटर मिळवा. दादरहून टॅक्सी करा नाही तर वरळीकडची बस धरा आणि पोदार रुग्णालय विचारा, मंदिर समोरच आहे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, म्हणजे ढोल ऐकायला मिळेल. आत बोलणं हळू, लेकरांना सांभाळून, फोन बंद. बसा दहा मिनिटं. कापूस वेचलेले आपले हात मांडीवर ठेवा. ज्यांच्या नावाने कुणी दिवा लावला नाही त्या मुलींसाठी मनात चार शब्द म्हणा, आपल्या पणजीसाठीही म्हणा.

घरी आलात की आईला, सासूला पणजीचं नाव विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ज्या गटांनी अशी वही सुरू केली असेल त्यांनी केंद्रावर येऊन सांगा. ज्या बाईची हरकत नसेल तिचं नाव आणि तिची हकीकत पुढच्या भागात तिच्याच आवाजात ऐकवू.

भेटू पुढच्या भागात. जय भीम, राम राम, नमस्कार.